काळी कट्यार की करडी

थ्रॅपलबी
१४ मे

श्री. विल्फ्रेड गॉटबी,
जिल्हा पतंग-नोंदणीकार, स्टेनबी, यांस —

आपल्याला पत्र लिहायची मला हौस आलेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या पार्क-मंडळाने थ्रॅपलबी पार्कमधल्या, रात्री दिव्यावर येणाऱ्या पतंगांची यादी करायला घेतली आहे. नगरपालिका ती फाटकाशी फलकावर लावणार आहे आणि प्रत्येक जातीपुढे ती पहिल्यांदा ज्याला सापडली त्याचं नाव देणार आहे. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात कोणीतरी नियम वाचले. दिसायला सारख्या असणाऱ्या जातींची नोंद जिल्हा नोंदणीकाराच्या सहीशिवाय धरत नाहीत, आणि गेली एकतीस वर्षं ते नोंदणीकार आपण आहात. बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्पिंक म्हणून आमचे एक सभासद आहेत, बसमध्ये तिकीट-तपासनीस होते, अजूनही प्रत्येक पतंगाकडे तिकीट मागितल्यासारखे बघतात. ते म्हणाले, "स्टेनबीचे गॉटबी म्हणजे तुमचेच बंधू ना?" मी म्हटलं, "आडनाव एक आहे."

तर नाक मुठीत धरून अकरा डब्या पाठवते आहे. सगळे पतंग रात्री दिवा लावून ठेवायच्या सापळ्याच्या पेटीतले, सकाळी सहाला आतल्या अंड्यांच्या पुठ्ठ्यांवरून उचललेले आणि फ्रिजमध्ये ठेवून सुस्तावलेले. यातल्या तीन जोड्या तर अशा आहेत की त्यांच्या आयांनीही गफलत केली असती. एका जातीचं नाव जाणकारांनीच 'अनिश्चित' ठेवून हात झटकले आहेत, तिथे मी कोण?

दोन जातींमधली कुठली हे ठरत नसलं की 'दोहोंपैकी एक' असं लिहून नोंद परत पाठवायची, ही आपली जुनी आवड मला ठाऊक आहे. ती जरा आवरावी. फलकावर अकरा वेळा 'दोहोंपैकी एक' वाचलं तर मंडळाने केलं तरी काय, असं लोक विचारतील.

कौटुंबिक चौकशीची गरज नाही. माझा गुडघा हा माझा खाजगी प्रश्न आहे.

आपली विश्वासू,
कु. नोरीन गॉटबी


९ जून

श्री. गॉटबी यांस,

उत्तर पोचलं. अकराच्या अकरा मान्य. मी पाकीट दोनदा उलटं करून झटकलं, पण आत शेरा नाही, टोमणा नाही, लाल शाईचा टिपूसही नाही. चाळीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवताना ज्याने 'बरोबर' हा शब्द महिन्यातून एकदाच वापरला, त्याने एका टपालात तो अकरा वेळा वापरावा म्हणजे काय? पाचव्या डबीबद्दल तर मी स्वतःच साशंक होते. तीही मान्य. वयाने माणूस मऊ होतो म्हणतात, पण इतका?

एक गोष्ट मात्र लागली. इतक्या मोठ्या अक्षरांत लिहायचं कारण नव्हतं. तो जाड काळा मार्कर आपण खोकी रंगवायला वापरत असाल. मला चष्मा आहे, मी आंधळी झालेली नाही. टोमणा मारायचाच होता तर शब्दांनी मारायचा, अक्षरांच्या आकाराने कशाला? सहीही अशी तिरकी ठोकलीय की ती कागदावरून उतरून टेबलावर गेली असणार. हा रागच असणार. माझ्यावर सही फुकट घालवायची वेळ आली म्हणून, दुसरं काय.

असो. आणखी नऊ डब्या पाठवते आहे. पार्कची यादी एकशे त्र्याण्णववर गेली. स्पिंक रोज विचारतात की दोनशेला केक आहे का. आहे, लिंबाचा.

नोरीन गॉटबी

ता. क. गुडघा बरा आहे. विचारलं नाहीस, तरी.


२७ जून

विल्फ्रेड,

नऊही मान्य. आता तुझा हात सैल सुटलाच आहे, तर मी मागायचं ते मागूनच टाकते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू.

सोबत टाचणीवरचा एक जुना पतंग आहे. तुला बघताक्षणी ओळखू येईल. नऊ वर्षांपूर्वी याच पार्कातल्या लिंडनच्या झाडाखाली मला मिळालेली कट्यार. हिच्या दोन जाती. करडी कट्यार गल्लोगल्ली सापडते. काळी कट्यार आपल्या जिल्ह्यात तेव्हा कोणालाच मिळाली नव्हती. दोघींच्या पंखांवर तीच काळी खंजिरासारखी खूण. वरून बघून त्या ओळखता येत नाहीत हे मलाही माहीत होतं, पण ही काळीच आहे असं मला आतून वाटत होतं आणि आजही वाटतं.

त्या वर्षीची वार्षिक सभा, चर्चचा हॉल, चाळीस माणसं, काकडीची सँडविचेस. जिल्ह्यातल्या नव्या जातींची यादी तू वाचत होतास. मी नवा ब्लाउज घालून बसले होते. माझ्या नावाशी आलास, चष्मा सारखा केलास आणि म्हणालास, "काळी कट्यार, नोरीन गॉटबी. नाही. दोहोंपैकी एक." मागून कोणीतरी हसलं.

मग मी उठून जे बोलले ते बोलले. तू स्वतः आयुष्यभर 'दोहोंपैकी एक' राहिलास, म्हणून ऑड्रीने अकरा वर्षं वाट बघून शेवटी प्लंबरशी लग्न केलं, असं. लग्न मीही केलं नाही म्हणा. पण मी निदान दोघांना तोंडावर नाही म्हटलं होतं.

त्यानंतर आपण बोललो नाही. आत्याच्या अंत्यविधीला तू पहिल्या बाकावर आणि मी शेवटच्या, मधे सगळं गाव.

ही कट्यार मला फलकावर हवी आहे, विल्फ्रेड. सत्तरी झाली. माझ्या नावावर शाळेत शिकवलेल्या शिवणाच्या टाक्यांपलीकडे काही नाही. तुझं शास्त्र सांगतं तसं पोटाचं टोक उकळून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, जो भाग आईसमोर उच्चारता आला नसता तो बघ आणि काय ते ठरव.

शेजारच्या छोट्या डबीत स्पिंकचा पतंग आहे. बर्चची मोडलेली काटकी वाटावी असा तो असतो ना, तोच. ओळखायला काडीचंही अवघड नाही. पण तो त्यांनी स्वतः गवतातून उचलला, स्वतः कापसात ठेवला आणि मला डबी उघडूही दिली नाही. हौस त्यांची.

नोरीन


८ जुलै

प्रिय विल्फ,

चिठ्ठी आली. "काळी कट्यार. मान्य. जिल्ह्यातली पहिली नोंद." त्याच जाड मार्करने लिहिलेली, आणि या वेळी मला ती अक्षरं जरा लहानच वाटली. सोबत परत आलेली स्पिंकची डबी अजून उघडलीसुद्धा नाही. चिठ्ठीची चौकट करून घेतली आणि चुलीवरच्या फळीवर लावली. गॅसवाला आला होता त्यालाही दाखवली. त्याने विचारलं, "हे काय, बक्षीस?" मी म्हटलं, "तसंच समज."

मंडळात टाळ्या झाल्या. लिंबाचा केक एकशे अठ्ठ्याण्णवलाच कापला.

ऑड्रीबद्दल बोलले ते मी बोलायला नको होतं. घरी येऊन रडले होते, पण फोन उचलायला हात धजला नाही. मग आठवडा गेला, महिना गेला, आणि एकदा वर्ष उलटलं की अबोल्याचीही सवय होते. तू चुकलास हे कबूल करायला तुला नऊ वर्षं लागली. मला तेवढीच लागली, म्हणजे फिटंफाट.

गुडघा दुखतो. जिना चढताना फार.

तुझी,
नोरीन


१० जुलै

विल्फ्रेड,

ती काटकी होती.

आज सकाळी स्पिंकची डबी त्यांना परत द्यायची म्हणून उघडली. आत कापूस, कापसावर बर्चची काटकी, खरीखुरी, साल निघालेली. सोबत तुझी चिठ्ठी: "मान्य. फार ताजा आणि सुरेख नमुना." स्पिंकना दाखवली तर म्हणाले, "निजलाय." मी म्हटलं, "पाय कुठे आहेत?" त्यांनी बराच वेळ पाय शोधले, मग मटकन खाली बसले.

आधी मी हसले. इतकी हसले की स्पिंक पाणी आणायला धावले. मग चौकटीतली चिठ्ठी दिसली आणि हसू तिथेच थांबलं. जो काटकीला सुरेख म्हणतो त्याने माझी कट्यार बघितलीच नाही. तिचं टोक जागच्या जागी आहे, मी भिंगातून तपासलं. उकळलेलं नाही, कापलेलं नाही. त्या वीस डब्यांतलंही तू काही बघितलेलं नाहीस. जाड मार्कर, उतरती सही. मी महिनाभर त्यात राग वाचत बसले. शहाणी ती मीच.

मला राग आलाय, हे लपवत नाही. तुझ्या डोळ्यांचं काय झालंय हा माझ्या मनात आलेला दुसरा विचार होता. पहिला विचार होता: म्हणजे माझी कट्यार गेली. मी अशी आहे.

आता डोळ्यांचं सांग. नाही सांगितलंस तर तुला नेमणाऱ्या जिल्हा समितीला काटकी पाठवीन.

नोरीन


२४ जुलै

विल्फ,

तुझ्या शेजारच्या बॅगलीबाईंचा फोन आला. बाई पाऊण तास बोलल्या. तुझी गाडी जानेवारीपासून उभी आहे. तुला कडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही, माणसाचे कान दिसतात आणि तोंड नाही. डॉक्टर म्हणाले, यापुढे सुधारणार नाही. पत्रं त्याच तुला वाचून दाखवतात. म्हणजे माझं प्रत्येक पत्र, ऑड्रीसकट, बॅगलीबाईंच्या तोंडून तू ऐकलंस. त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज मला आता छान जमतो. ते 'माझा गुडघा हा माझा खाजगी प्रश्न' म्हणताना मी उभी राहते." मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं.

मी विचारलं, मग हा न बघता मान्य कसं करत होता? तर म्हणाल्या, "ते दर वेळी विचारायचे, नोरीनने काय लिहिलंय? मी सांगायचे. ते म्हणायचे, मग तेच असणार. तिची नजर शिवणकामाची आहे."

हे तू मला एकदा तरी तोंडावर म्हणायचं होतंस.

समितीला मी काही कळवणार नाही. तू कळवायचंस. ही एकतीस वर्षं गेली की तुझ्याकडे राहणार काय, हे मला कळतं. पण काट्याकाटक्यांना पतंग म्हणून चालणार नाही. तुला सगळं येतं आणि दिसत नाही. मला दिसतं आणि येत नाही. मंगळवारी सकाळी दहा-दहाची बस आहे. सूक्ष्मदर्शकाशी मी बसते, काय बघायचं ते तू सांग. आधीच्या सगळ्या डब्या घेऊन येते.

नोरीन

बॅगलीबाई, हे वाचताना कृपया बसूनच राहावे.


१८ सप्टेंबर

प्रिय विल्फ,

आठ मंगळवार झाले. मी कधी म्हटलं नाही, पण या वयात मला दुसऱ्या कशाची इतकी वाट बघितल्याचं आठवत नाही. तू खुर्चीत डोळे मिटून, हातात थंड झालेला चहा.

"कड कशी आहे? करवतीसारखी की कंगव्यासारखी?"

"कंगव्यासारखी. दोन दात पडलेत."

"तुझे की त्याचे?"

वीसच्या वीस डब्या पुन्हा बघितल्या. नऊ नोंदी मी माझ्या हाताने 'दोहोंपैकी एक' केल्या आणि दर वेळी तू आनंदाने मान हलवलीस, मेल्या. पाचवीही त्यातच गेली. समितीला तू खरं ते कळवलंस, आणि त्यांनी उलट टपाली तुलाच कायम केलं. नव्या कागदावर तुझ्या नावाखाली छापून आलंय: 'पाहणी: नोरीन गॉटबी'. तो कागद तू मला मोठ्याने वाचायला लावलास. दोनदा.

आता परवाच्या मंगळवारचं. ते सांगण्यासाठीच लिहिते आहे.

"कट्यार आण, आता होऊन जाऊ दे," असं तूच म्हणालास. मी टोक काढलं, उकळलं, काचेवर पसरलं. शिवणाच्या सुईने हे बरं जमतं. पुस्तकातली दोन चित्रं शेजारी उघडी होती. तू विचारलंस, "कुठल्या चित्राशी जुळतं?" मी सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवत राहिले ते नीट बघायला नाही. मला पहिल्या क्षणी दिसलं होतं. मग मी म्हटलं, "काळीशी."

करडी आहे, विल्फ. शंकेला जागा नाही. गल्लोगल्ली सापडते तीच. नऊ वर्षांपूर्वी तू म्हणालास त्यात चूक एवढीच होती की तू फार भिडस्तपणे म्हणालास.

मला वाटलं होतं तू नुसतं "हं" म्हणशील. तू कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "माझं चुकलं, ग. तेव्हा मी ती भिंगाखाली घ्यायला हवी होती. तुझा तो ब्लाउज बघितला आणि वाटलं, हिला आज इतकी खात्री कशी? मला कधी कशाची वाटली नाही." आणि मग म्हणालास की ऑक्टोबरच्या सभेत चाळीस माणसांसमोर उभा राहून सांगणार, चूक तुझी होती. ती माफी मी नऊ वर्षं मनात लिहून ठेवली होती. शब्दसुद्धा साधारण तेच होते. आणि ती ऐकताना मी तिथे बसून मान डोलावत होते, जी तुला दिसत नव्हती.

'काळी कट्यार' लिहिलेल्या कागदावर सही कुठे करायची ते तुझं बोट धरून मीच तुला दाखवलं.

बसमध्ये मी स्वतःला सांगितलं की एक पतंग, त्याने कोणाचं काय बिघडतं? म्हाताऱ्याला सांगून तरी काय, उगाच दुखावेल. घरी पोचेपर्यंत ते मला पटलंही होतं. मग दिवा लावताना लक्षात आलं की यापुढे तू "काय दिसतं?" असं विचारशील आणि मी जे सांगेन ते तुझ्यासाठी असेल. दुसरं काही नसेल. आणि त्याची सुरुवात मी अशी केली.

तो कागद मी फाडला. नव्या कागदावर 'करडी कट्यार' लिहिलं आहे आणि तो सोबत ठेवते आहे. खाली सहीची जागा रिकामी आहे. फलकावर करडीपुढे स्पिंकचं नाव येईल. त्यांना ती माझ्याआधी मिळाली होती, नऊ वर्षांपूर्वीच्याच मे महिन्यात, आणि त्यांनी ती खरंच पायांसकट आणली होती.

सभेत उभं राहायचं असेल तर मी उभी राहीन. तू बसून राहा.

तुझं सगळं टपाल आता मीच मंगळवारी वाचते. हे पत्रही मीच वाचलं असतं. आणि मी मला चांगली ओळखते, हे पान आलं असतं तेव्हा मी हवामानाचं काहीतरी वाचून दाखवलं असतं. म्हणून पाकिटावर बॅगलीबाईंचं नाव घातलं आहे, म्हणजे शनिवारपर्यंत ते तुझ्या कानावर पडेल. बॅगलीबाई, मधे थांबू नका आणि काही मऊ करू नका. माझा आवाज काढलात तरी चालेल.

मंगळवारी मी दहा-दहाच्या बसने येणारच आहे. दार लावलेलं असेल तर पायरीवर बसेन, परतीची बस साडेबाराला आहे. बॅगलीबाई, हे ऐकून तो काय म्हणाला ते मला फोन करून सांगू नका. जे असेल ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचं आहे.

तुझी बहीण,
नोरीन